सोलापूरहून संडूर: काळ्या दगडातून लाल डोंगरात

आधीच सांगतो, पांढरा शर्ट घालून संडूरला, म्हणजे कर्नाटकात बळ्ळारीकडच्या लोहखाणींच्या गावाला, जाऊ नका. लाल धुळीत माझा वाया गेला.

ऑक्टोबरात मी, मामा आणि भाचा पहाटे साडेचारला सोलापुरातून निघालो. विजयपूर, निडगुंदी, इलकल, कुष्टगी, होस्पेट. सुमारे तीनशे किलोमीटर, पुढे संडूर तीसेक. मामांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतलेली, त्यामुळे नाष्ट्याचा थांबा वाचला. कृष्णेच्या आसपासपर्यंत दगड आपलाच: साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट. इलकलला लोक साड्यांसाठी थांबतात, आम्ही गुलाबी ग्रॅनाइटचे ठोकळे बघत बसलो. होस्पेट सोडलं की डोंगर उठतात आणि माती एकदम गेरूसारखी होते.

रस्त्याकडेला लॉरीतून सांडलेला एक खडा भाच्याने उचलला. लिंबाएवढाच, पण हातात चांगलाच जड. करड्या-तांबड्या पट्ट्या, एकावर एक. अडीचशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी समुद्रतळाशी लोह आणि सिलिका थराथराने साचले, त्याच या पट्ट्या. "दगड आहे की वजनाचं माप?" मामा म्हणाले. घरी आल्यावर फरशीच्या खडबडीत पाठीवर घासला. दगड करडा, रेघ मात्र लाल! हेमॅटाइट हे लोखंडाचं खनिज ओळखायची ही सोपी खूण.

संडूरजवळ दोणिमलैला एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीची मोठी लोहखाण आहे. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा फाटकावर विनवण्या करत बसू नका. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने बळ्ळारीतलं खाणकाम थांबवलं होतं, पुढे मर्यादा घालून ते सुरू झालं. ताडपत्री घातलेल्या लॉऱ्यांच्या मागे अडकलात तर काचा वर घ्या.

संडूर हे घोरपड्यांचं संस्थान, 1949 मध्ये विलीन झालं. कन्नड मुलखात मराठी आडनावाचा राजवाडा बघून मामा खूश. कुमारस्वामीचं, म्हणजे कार्तिकेयाचं, देऊळ घाटावर, शेजारी चालुक्यकाळातलं पार्वतीचं. पावसानंतर तिथली झाडी दाट असते; एप्रिल-मे मात्र टाळाच, ऊन आपल्याकडेही भरपूर आहे. इथल्या लमाणी भरतकामाला 2010 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. संडूर कुशल कला केंद्रात आरसे लावलेली पिशवी घेतली. घासाघीस करू नका, टाके जवळून बघा म्हणजे किंमत पटेल.

मुक्काम होस्पेटला करा, पेट्रोलही तिथेच भरा. मोडकं कन्नड पुरतं, सोलापूरकराला तेवढं येतंच.