किलो ठरवला कोणी?

आज फोंड्यात अकरावीला एककं शिकवत होतो. एका मुलीने विचारलं, "सर, एक किलो म्हणजे नेमका किती, हे ठरवलं कोणी?" पुस्तक मिटलंच मग.

1889 पासून पॅरिसजवळ जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल, तोच जगाचा किलो! शंभर वर्षांनी त्याच्या अधिकृत प्रतींशी ताडला, तर साधारण 50 मायक्रोग्रॅमचा फरक. दंडगोल घटला की प्रती वाढल्या, सांगणार कसं? मापच तो. म्हणून 20 मे 2019 पासून किलो प्लँकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावरून ठरतो. (मीटर 1983 पासूनच प्रकाशाच्या वेगावर आहे.)

म्हापशाच्या बाजारातल्या तराजूचं नातं थेट तिथवर पोचतं, हे सांगताना अंगावर काटा आला. हा धडा दोन तासांत उरकायचा नसतोच, असं माझं ठाम मत आहे. उद्या तापमानाचं एकक, केल्विन.