मागची दोन टायरं

परवा कोबी भरून गोव्याला जाताना चोर्ला घाटात, पावसात, एका वळणावर माझ्या पिकअपचा मागचा भाग सरकला. शेजारी धाकटा भाऊ होता. रात्रभर तेच डोळ्यांसमोर.

आज बेळगावात मागची दोन्ही टायरं बदलली. आधी दाखवलेली टायरं स्वस्त होती, मापही तेच, पण कारची. दुकानातल्या अण्णांनीच थांबवलं. "माप बघून भागत नाही, वजनाचा आकडा बघा." १०० लिहिलं असेल तर एका टायरला ८०० किलो, १०८ असेल तर १००० किलो. पिकअपमधल्या मालाचा बहुतेक भार मागच्या चाकांवर, तिथे कारचं टायर म्हणजे जीवाशी खेळ. इतकी वर्षं गाडी चालवतोय, हा आकडा कधी वाचला नव्हता.

नक्षी मात्र मीच निवडली. खानापूरकडं पावसाळ्यात शेताच्या वाटेला तांबडा चिखल, म्हणून मागं खोल गुट्ट्यांची. डांबरावर थोडा आवाज येईल, येऊ दे. बाजूवरचे चार आकडेही तपासून घ्या मित्रांनो: २३२५ म्हणजे २०२५ च्या २३ व्या आठवड्यातलं टायर.

उद्या पहाटे पुन्हा घाट. भाऊ येतो म्हणालाय.