मंगळवारी ल ब्यूग, गुरुवारी मोंपाझिये

फ्रान्सला येणाऱ्या ओळखीच्या माणसांना मी सगळ्यात आधी वार विचारते. पॅरिसला कधीही जा, पण पुढे खेड्यांत फिरायचं असेल तर कुठल्या गावात कोणत्या वारी पोचणार, हे ठरवून निघा. बाजाराचा दिवस सोडला तर इथलं गाव फार शांत असतं. खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढलेल्या, चौक मोकळा, बेकरीसुद्धा दुपारी बंद. बाजाराच्या सकाळी त्याच चौकात पाय ठेवायला जागा नसते, आणि या गावात माणसं राहतात तरी किती, हे तेव्हाच कळतं.

मी बोर्दोला राहते. तिथून पूर्वेला, दोर्दोन्य नदीच्या वरच्या अंगाला पेरिगोरचा मुलूख आहे. अक्रोडाच्या बागा, ओकची जंगलं, पिवळसर दगडाची घरं. इथल्या गावांनी वार आपसांत वाटून घेतले आहेत. मंगळवारी ल ब्यूग, बुधवारी आणि शनिवारी सार्ला, गुरुवारी मोंपाझिये, शुक्रवारी ल ब्युइसों, रविवारी इसिझाक नाहीतर सें-सिप्रियां. विकणारेही वाराप्रमाणे गावं फिरतात. मंगळवारी चीजच्या गाडीमागे पाहिलेली बाई गुरुवारी दुसऱ्या गावात दिसते आणि ओळख देते.

यांतलं माझं सर्वात आवडतं गाव मोंपाझिये. वस्ती जेमतेम पाचशेची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड हा त्या काळी या भागाचा ड्यूकही होता. त्याने 1284 मध्ये हे गाव वसवलं. नैऋत्य फ्रान्समध्ये तेराव्या-चौदाव्या शतकांत अशी शेकडो गावं आखून वसवली गेली. त्यांना बास्तीद म्हणतात. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या आणि मधोमध बाजाराचा चौक. चौकाभोवतीच्या घरांचा खालचा भाग कमानींवर उभा आहे, त्यामुळे पावसातही खरेदी थांबत नाही. चौकाच्या एका कडेला लाकडी खांबांवर तोललेली जुनी बाजारशाळा आहे आणि तिच्याखाली धान्य मोजायची जुनी मापं आजही जागेवर आहेत. वाढत्या गावात पुढे बाजार भरू लागला, असं इथे झालेलं नाही. बाजाराची जागा आधी आखली आणि घरं तिच्याभोवती बसवली. सातशे वर्षांहून जुन्या त्या आखणीत आज टोमॅटो, मध आणि कोंबड्या विकल्या जाताना बघणं मला कुठल्याही राजवाड्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

पर्यटकांच्या फोटोंत हे बाजार असे दिसतात की जणू जुनं काहीतरी आपोआप टिकून राहिलंय. पण आपोआप काहीच टिकलेलं नाही. हायपरमार्केटचा प्रकार रुजवला तो याच देशाने. कारफूर या कंपनीने पॅरिसजवळ पहिलं हायपरमार्केट उघडलं ते 1963 मध्ये. आज कुठल्याही छोट्या शहराच्या वेशीवर तसली अवाढव्य दुकानं आहेत आणि त्यांच्यामुळे खेड्यांतली कितीतरी किराणा दुकानं बंद पडली. तरीही बाजार भरतात, कारण गावं ते भरवतात. बाजार कुठे आणि कोणत्या वारी भरायचा, हलवायचा की बंद करायचा, हे कायद्याने नगर परिषदेच्या हातात आहे, आणि तिला विक्रेत्यांच्या संघटनांचं मत आधी घ्यावंच लागतं. सकाळी प्लासिए नावाचा माणूस वही घेऊन फिरतो. कोणाचा ठेला किती मीटर लांब आहे ते बघून तो जागेचं भाडं घेतो. कायमच्या विक्रेत्यांच्या जागा ठरलेल्या असतात. एखादा वेळेत आला नाही तर त्याची जागा त्या दिवसापुरती नव्या माणसाला मिळते. या कामाचं कोणी कौतुक करत नाही, पण बाजार उभा आहे तो या वहीवर.

आता खरेदीकडे येते. ठेल्यापुढे उभं राहिलं की आधी ‘बॉंझूर’. ते न म्हणता भाव विचारणं उद्धट समजतात. भाव पाटीवर लिहिलेला असतो, फळं-भाज्या कुठून आल्या तेही लिहावंच लागतं. घासाघीस नाही. माल स्वतः हाताळायचा नाही, विक्रेता निवडून देतो, आणि सुरुवातीला हे आपल्याला जड जातं, कारण भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय आपण घेत नाही. पण निवड त्याच्यावर सोपवण्यात एक गंमत आहे. खरबूज मागितलं की तो विचारतो, आज दुपारी खाणार की उद्या रात्री? मग एकेक उचलून देठ बघतो, वास घेतो आणि त्या जेवणापुरतं बरोबर पिकलेलं फळ हातात ठेवतो. भाजी बरीच घेतली तर वर पार्स्लीची छोटी जुडी फुकट टाकणारे अजून आहेत. आपल्या आठवडे बाजारात कोथिंबीर-मिरची टाकतात ना, अगदी तशीच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बाजारातला प्रत्येक जण शेतकरी नसतो. घाऊक बाजारातून माल आणून विकणारेही असतात, आणि त्यात गैर काही नाही. पण ज्याच्याकडे केळी, अननस आणि बाराही महिने टोमॅटो आहेत त्याने ते पिकवलेले नाहीत, हे उघड आहे. ज्याच्याकडे चारच जिनसा आहेत, पाटीवर ‘प्रोद्युक्तर’, म्हणजे उत्पादक, लिहिलंय आणि गाजरांना माती आहे, त्याच्या रांगेत उभं राहा. रांग सावकाश सरकते. पुढची आजी मुलाची नोकरी, गुडघ्याचं दुखणं सगळं सांगून घेते. मागचे कोणी उसासे टाकत नाहीत. आसपासच्या वाड्यांवर एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आठवड्यात चार माणसं भेटतात ती याच सकाळी. ही रांग घाईने पुढे ढकलू नये असं मला मनापासून वाटतं.

शाकाहारी माणसाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. हा भाग बदकं आणि हंसांचा आहे, हे आधीच सांगते. सार्लाच्या एका चौकात फ्राँस्वा-झाव्हिये लालान या शिल्पकाराने केलेले तीन ब्रॉंझचे हंसच उभे आहेत. फोआ ग्रा म्हणजे पक्ष्याला नळीने जबरदस्तीने खाऊ घालून फुगवलेलं यकृत. भारतात 2014 पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे. इथल्या कित्येक शेतकऱ्यांचा संसार त्यावर चालतो हे मला माहीत आहे, त्यांच्याशी मी प्रेमाने बोलतेही, पण तो पदार्थ मी घेत नाही आणि घ्या असं तुम्हाला सांगणार नाही.

त्याशिवायही पिशवी भरते. वसंतात पेरिगोरची स्ट्रॉबेरी येते, तिला 2004 पासून भौगोलिक मानांकन आहे. शेजारच्या लोत जिल्ह्यातलं रोकामादूर हे शेळीच्या कच्च्या दुधाचं चीज तळहातात मावतं, वजन सुमारे 35 ग्रॅम. काही दिवसांचं असेल तर सायीसारखं मऊ, जास्त मुरलेलं असेल तर घट्ट आणि तिखट. कोणतं हवं ते सांगा. कडक शाकाहारी असाल तर रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते विरजण, कशाचं आहे हेही विचारा, कारण पारंपरिक चीजमध्ये ते बहुतेक वेळा प्राणिज असतं.

आणि अक्रोड. त्याबद्दल मला किती लिहू असं होतं. पेरिगोरच्या अक्रोडाला 2002 मध्ये मूळ प्रदेशाचं मानांकन मिळालं. त्याच्या चार जाती मान्य आहेत: फ्रांकेत, मार्बो, कॉर्न आणि ग्रांझाँ. ऑक्टोबरच्या सुमारास ओला अक्रोड बाजारात येतो. तो फोडून गरावरची पातळ कडवट साल नखाने सोलायची, मग आत पांढरा, दुधाळ, करकरीत गर. सुक्या अक्रोडावर वाढलेल्या आपल्या जिभेला हे वेगळंच फळ वाटतं. पूर्वी हिवाळ्याच्या रात्री बायका एकत्र बसून लाकडी हातोडीने अक्रोड फोडायच्या, गर अख्खा निघाला पाहिजे अशा बेताने. सार्लाजवळ सेंत-नाताले इथे पाण्यावर चालणारी एक जुनी तेलघाणी आहे. तिथे गर भरडतात, तापवतात आणि दाबून तेल काढतात. त्या तेलाला फोडणीच्या कढईत घालू नका. उकडलेल्या बीटावर किंवा हिरव्या पानांवर कच्चंच घ्या.

शरदात व्हिल्फ्रांश-द्यु-पेरिगोरच्या बाजारशाळेखाली सेप नावाच्या रानअळंब्यांचा बाजार भरतो. जंगलातून स्वतः गोळा केलेली अळंबी लोक औषधांच्या दुकानात नेऊन दाखवतात. इथल्या फार्मासिस्टांना अळंबी ओळखायचं शिक्षण मिळालेलं असतं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

हिवाळ्यात यायचं धाडस असेल तर लोतमधल्या लालबांकला मंगळवारी दुपारी जा. डिसेंबर ते मार्च तिथे काळ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीचा, बाजार असतो. मुख्य रस्त्यावर बाकांवर टोपल्या मांडलेल्या, मागे शेतकरी, पुढे दोरी बांधलेली आणि दोरीच्या अलीकडे व्यापारी. वास घेणं, बघणं, हळू आवाजात बोलणं चालू असतं. इशारा मिळून दोरी खाली पडली की सौदे सुरू होतात आणि बघता बघता टोपल्या रिकाम्या होतात.

गाडी चालवणार नसाल तर सार्ला सोयीचं. बोर्दोहून बेर्जराक मार्गे तिथवर रेल्वे जाते. शनिवारी सकाळी जुन्या गावात शिरा आणि आधी सेंत-मारी चर्च गाठा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर प्रार्थना बंद झालेल्या या जुन्या चर्चचं रूपांतर बंदिस्त बाजारात झालं आहे. ते ज्याँ नुव्हेल या वास्तुरचनाकाराने केलं. त्याचं बालपण याच गावात गेलं आणि 2008 मध्ये त्याला वास्तुकलेतलं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं. दाराच्या जागी थेट कमानीच्या उंचीची दोन पोलादी कवाडं आहेत, आत दगडी कमानदार छताखाली चीज, पाव आणि अक्रोड.

नऊच्या आत पोचा. साडेबारा वाजले की अन्नाचे बरेच ठेले आवरायला लागतात, कारण विकणाऱ्यांनाही घरी जाऊन जेवायचं असतं. कापडी पिशवी आणि सुटे युरो बरोबर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर आणखी एक: उन्हाळ्यात बऱ्याच गावांत संध्याकाळी जेवणाचे बाजार भरतात, चौकात लांबलचक टेबलं मांडतात. तिथे लोक घरून ताटल्या, चमचे आणि पेले घेऊन येतात. तुम्हीही आपापले घेऊन या, आणि अनोळखी कुटुंबाशेजारी जागा असेल तर खुशाल तिथेच बसा.