चाकणच्या कंपनीला एएसएन पाठवताना: एक्सएमएल जोडणीचा माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस पार्ट्सचं युनिट आहे. बिलिंग, डिस्पॅच आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मी बघतो. चाकणच्या एका मोठ्या वाहन कंपनीला आमचा माल जातो. त्यांनी सगळ्या व्हेंडरना कळवलं की एएसएन, म्हणजे गाडी निघण्याआधी द्यायची मालाची आगाऊ सूचना, आता पोर्टलवर हाताने भरायची नाही. तुमच्या सिस्टिममधून आमच्या सिस्टिममध्ये थेट एक्सएमएलने, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण लावलेल्या मजकुराच्या फाइलने, आली पाहिजे. नोंदणी, सर्टिफिकेट, स्टॅटिक आयपी ही कामं पटापट झाली. अडलं ते त्यानंतर. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्यांच्या इंटिग्रेशन डेस्कने, म्हणजे सिस्टिम जोडून देणाऱ्या टीमने, डब्ल्यूएसडीएल फाइल दिली. त्यांच्या सर्व्हरला कोणते कॉल कसे करायचे ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती होती आरपीसी-एन्कोडेड पद्धतीची. आरपीसी म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच प्रोग्रॅममधलं असल्यासारखं चालवायचं: माहिती द्यायची, उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पुढची ओळ. 2000 सालच्या सोप 1.1 मध्ये, म्हणजे एक्सएमएल निरोप पाठवायच्या नियमांत, ही रीतही होती आणि अख्खा दस्तऐवज पाठवायची रीतही होती. यातलं एन्कोडिंग, म्हणजे माहिती एक्सएमएलमध्ये बसवायची खास पद्धत, वेगवेगळ्या टूलकिटमध्ये जुळेना, म्हणून डब्ल्यूएस-आय या कंपन्यांच्या गटाच्या 2004 च्या बेसिक प्रोफाइल नियमावलीने ते बाद केलं. जावा भाषेत अशा जोडणीसाठी असलेल्या जॅक्स-डब्ल्यूएसमध्ये ते चालतच नाही. आम्हाला केवळ या फाइलसाठी जुनी लायब्ररी शोधून बसवावी लागली.

तेही केलं. खरा घोळ कामाच्या मांडणीत होता. एक कॉल करून एएसएन उघडायची, उत्तरात तिचा नंबर येणार. मग प्रत्येक पार्टसाठी वेगळा कॉल. शेवटी सबमिटचा कॉल. आमच्या एका इन्व्हॉइसवर वीस-पंचवीस पार्ट सहज असतात. दुपारी सगळ्या व्हेंडरच्या गाड्या एकदम निघतात, तेव्हा त्यांचा सर्व्हर मंदावायचा आणि मधलाच एखादा कॉल टाइमआउट व्हायचा, म्हणजे उत्तराची वाट बघून तुटायचा. टाइमआउट झाला की काम झालं की नाही हे आपल्याला कळत नाही. विनंतीच पोचली नसेल, किंवा काम होऊन उत्तर वाटेत हरवलं असेल. आपल्या बाजूने दोन्ही सारखंच दिसतं.

डेस्कला विचारलं तर उत्तर यायचं, "परत पाठवा." परत पाठवलं की तिकडे त्याच इन्व्हॉइसवर दुसरी एएसएन उभी राहायची. पहिली अर्धवट, दुसरी पूर्ण. गेटवर स्कॅन केल्यावर दोन दिसल्या की गाडी बाजूला. ड्रायव्हरचा मला फोन, मी डेस्कला फोन, डेस्क म्हणणार तिकीट टाका, म्हणजे ऑनलाइन तक्रार नोंदवा. तिकीट टाकलं की संध्याकाळी बंद होऊन परत: "आमच्याकडून 200 ओके गेलेलं आहे, तुमच्या एंडला तपासा."

या एका वाक्यावर माझा पावसाळा गेला. 200 ओके हे एचटीटीपीचं, म्हणजे नेटवरून निरोप ने-आण करणाऱ्या पद्धतीचं, उत्तर आहे. त्या विनंतीला सर्व्हरने प्रतिसाद दिला, एवढंच त्यातून कळतं. माल त्यांच्या नोंदीत चढला का, हा वेगळा प्रश्न. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यावर आवक शिक्का मिळतो आणि मंजुरीचं पत्र नंतर वेगळं येतं, तसं इथे दोन वेगळ्या पावत्या हव्या होत्या. मी हे लॉगसकट लिहून पाठवलं, आकृती काढून पाठवली. प्रत्येक वेळी तिकीट नव्या माणसाकडे जायचं आणि तो पहिल्यापासून विचारायचा, "सर, व्हेंडर कोड सांगा."

वाट सापडली ती त्यांच्या स्टोअरमधल्या एका मॅडममुळे. गाडी अडल्यावर त्या सहज म्हणाल्या, "तुमच्या शेजारच्या मोठ्या व्हेंडरची तर एकच फाइल येते, त्यांचं कधी डबल होत नाही." म्हणजे दस्तऐवजाची वाट त्यांच्याकडे आधीपासून होती! मोठ्या व्हेंडरना दिली होती आणि लहानांना कुणी सांगितलंही नव्हतं. मी पर्चेसच्या साहेबांना गेटवर अडलेल्या गाड्यांची यादी आणि एक ओळ पाठवली: आम्हालाही तीच वाट द्या. गणपतीनंतर मिळाली.

आता अख्खी एएसएन एका एक्सएमएल दस्तऐवजात जाते: वर इन्व्हॉइस नंबर, तारीख, गाडी नंबर, खाली सगळे पार्ट. संदेशाला आमचा स्वतःचा आयडी. आधी फक्त पोच येते. नंतर स्वीकारली की नाकारली, याचा वेगळा दस्तऐवज तोच आयडी घेऊन येतो. पोच नाही आली तर तोच संदेश त्याच आयडीने पुन्हा पाठवायचा. तिकडे तो आयडी आधीच असेल तर दुसरी नोंद होत नाही. अर्धवट एएसएन हा प्रकारच संपला. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते. त्यांची उत्तरं तिकडे रांगेत थांबतात आणि वीज आली की येतात.

आरपीसी वाईट, असं मी म्हणणार नाही. उद्याचं शेड्यूल काय, हे विचारायला आम्ही आजही थेट कॉलच वापरतो. चुकला तर पुन्हा विचारायचं, नुकसान काही नाही. जीएसटीचं ई-इन्व्हॉइसही थेट कॉलनेच होतं, आणि ते एक्सएमएलऐवजी जेएसओएन या दुसऱ्या मांडणीत जातं. पण तिथला 64 अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि नंबर यांवरूनच बनतो. तेच बिल पुन्हा गेलं तर पोर्टल डुप्लिकेट म्हणून परत करतं. तेवढी काळजी चाकणच्या कंपनीने घेतली असती तर आमची एकही गाडी अडली नसती.

म्हणून जोडणी सुरू करण्याआधी डेस्कला लेखी विचारा: तोच संदेश दोनदा आला तर तुम्ही काय करता? उत्तर "तसं होत नाही" असं आलं, तर सही करू नका.

आणखी आठवलं ते: व्हेंडर कोडच्या पुढची शून्यं एक्सेल खातं, तो कॉलम टेक्स्ट ठेवा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, वेळेसोबत भारतीय वेळेची खूण +05:30. स्कीमामध्ये, म्हणजे एक्सएमएल कसं असावं हे सांगणाऱ्या नमुन्यात, क्रम ठरवून दिला असेल तर घटक पुढे-मागे झालेला चालत नाही. सर्टिफिकेट कधी संपतं ते कॅलेंडरवर लिहा. आणि पाठवलेली प्रत्येक फाइल व आलेली प्रत्येक पोच जपून ठेवा. माल कमी आला म्हणून डेबिट नोट आली, की अकाउंट्सवाले पहिल्यांदा तीच मागतात.