गारगोट्यांच्या टेकड्या

"अरे, वणवा लागलाय! फोन कर कुणाला तरी!" बाबा गॅलरीतून ओरडले तेव्हा मी चहा गाळत होतो. एप्रिलचा पहिला आठवडा. अमेरिकेत कॅन्ससमधल्या फ्लिंट हिल्सच्या, म्हणजे गारगोट्यांच्या टेकड्यांच्या, कडेला आमचं घर, आणि समोरच्या टेकडीवर नारिंगी रेघ सरकत चाललेली. फोन करायची गरज नव्हती. आग आमच्या रँचवाल्या शेजाऱ्यानेच लावली होती, तीही रीतसर कळवून.

बाबा मंगळवेढ्याचे. उन्हाळ्यात कडब्याच्या पेंढ्या मोजून टाकायच्या, त्या मुलखातले. गवत जाळणारा माणूस त्यांच्या लेखी एक तर वेडा, नाही तर वैरी. दुपारी ते मला ओढतच तिकडे घेऊन गेले.

शेजाऱ्याच्या हातात झारीसारखा डबा होता. नळीच्या तोंडाशी पेटती वात, तिच्यातून डिझेल-पेट्रोलचं मिश्रण जळत जळत थेंबाथेंबाने गवतावर पडतं. आधी वारा जिकडे वाहतो त्या कडेला पेटवायचं. ती आग वाऱ्याविरुद्ध मुंगीच्या पावलाने मागे येते, मागे काळा पट्टा सोडते. मग समोरच्या बाजूने पेटवलं की धावत आलेली आग त्या पट्ट्याशी येऊन गुपचूप विझते. "हां, पाचट पेटवताना कडेनं पट्टा काढतात तसं," बाबा म्हणाले. आवाज जरा खाली आला होता.

आग नसली तर इथे हां हां म्हणता सीडरची झाडं माजतात आणि गवत जातं. बिग ब्लूस्टेम नावाच्या गवताची मुळं दोन-तीन मीटर खोल, त्यांना वरच्या जाळाचं काय? आठ-दहा दिवसांत काळ्या राखेतून पोपटी टोकं वर आली. महिनाअखेरीस ट्रक भरभरून गोऱ्हे आले. नेहमीच्या दुप्पट जनावरं सोडायची, पण जुलैच्या मध्यापर्यंतच. पुढे गवताचा कस उतरतो, मग त्याला पावसाळा संपेपर्यंत द्यावी तशी विश्रांती. हे खच्ची गोऱ्हे इथून कुठे जातात, ते बाबांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यांचा जीव रमला तो भलत्याच ठिकाणी. कुंपणालगतच्या खडीत एक पाखरू पंख मोडल्यासारखं फरफटत आमच्यापुढे पळालं. "टिटवी!" बाबा जागीच थांबले. इथे तिला किलडिअर म्हणतात, गळ्यात दोन काळे पट्टे. पण नाटक तेच. तिच्यामागे न जाता बाबांनी उलट दिशेला पाहिलं, आणि चार ठिपकेदार अंडी नुसत्या खड्यांत सापडली. सपाटीलाच होती, उंचवट्यावर नाही. टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगायची गावाकडची रीत. "यंदा पाऊस बेताचा," त्यांनी कॅन्ससचंही भाकीत करून टाकलं.

असं उंच गवताचं कुरण एकेकाळी सतरा कोटी एकर होतं म्हणतात. आता ४ टक्केही उरलेलं नाही. बाकी सगळ्यावर नांगर फिरला. इथे फिरला नाही, कारण वीतभर मातीखाली चुनखडी आणि गारगोट्या. शेतकऱ्याने कपाळावर हात मारला म्हणून गवत वाचलं.

त्यातल्या दोन गारगोट्या बाबांनी खिशात टाकल्या. रात्री मी दिवे घालवत होतो, तर बाथरूममधून टक्‌, टक्‌ आवाज. दार अर्धवट उघडं. अंधारात सत्तरी ओलांडलेला माणूस दगडावर दगड घासतोय, मधेच एक फिकट ठिणगी, आणि तो जळका वास.

"लाव रे ते दार," बाबा म्हणाले, "उजेड येतोय."