रात्री गोठलंच नाही

माझं काम दादरच्या ऑफिसात बसून हिमालयातल्या ट्रेकच्या तुकड्या सांभाळायचं. सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येत नाही. त्यामुळे वरच्या कॅम्पची बातमी खाली येते ती कुणी मोबाइलची रेंज मिळणाऱ्या धारेपर्यंत चालत आला तरच.

मे महिना. सकाळी सातच्या आतच गाईडचा फोन. "दीदी, रात को बर्फ जमा ही नहीं. घुटने तक धँस रहा है."

त्या दिवशी तुकडी खिंड ओलांडणार होती. मी दोनच गोष्टी विचारल्या. आकाश? रात्रभर ढग. खिंडीकडे चढणाऱ्या नाळेचा, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीचा, उतार? मोबाइलवर मोजला, अडतीस अंश. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरच होतात. शिवाय वर धारेला वाऱ्याने बाहेर काढलेला बर्फाचा छज्जा लटकतच होता. पहाटे तीन वाजता निघायचं त्याने आधीच रद्द केलं होतं. मी फक्त "बरोबर केलंस" म्हटलं.

मग फोन एका ट्रेकरच्या हातात गेला. बोरिवलीचे गृहस्थ, सह्याद्री पालथा घातलेला माणूस. "अहो मॅडम, ढग गेले, लख्ख ऊन पडलंय. आता जायचं नाही तर कधी?"

हे मला दर उन्हाळ्यात ऐकावं लागतं. पावसाला घाबरायचं, उन्हाला नाही, हे आपल्या हाडात मुरलंय. वसंतातल्या बर्फाचा हिशेब उलटा. दिवसा वरचा थर वितळतो, पाणी कणाकणांतून खाली झिरपतं आणि त्यांची एकमेकांवरची पकड सुटत जाते. रात्री आकाश निरभ्र असेल तर उष्णता निघून जाते, सगळं पुन्हा गोठून टणक होतं. त्या कवचावरून पहाटे चालायचं आणि ऊन तापायच्या आत नाळ सोडायची. ढग असले की ते कवच धरतच नाही. त्यांना म्हटलं, "काका, मेअखेर मुंबईत ढग दाटले की रात्री कशी तगमग होते? वर तेच झालंय." सिक्कीममध्ये नथू ला खिंडीच्या रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ ला हिमस्खलनात सात पर्यटक दगावले, तेही भर दिवसा, हेही सांगितलं. गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधराएक मिनिटांत बाहेर काढलं तरच खरी आशा. तिथे मदतीला सोबतीच, दुसरं कोण येणार?

ते गप्प झाले नाहीत. "मग पैसे परत करा," म्हणाले. रागावण्यासारखं काही नव्हतं, सुट्टी आणि पैसा त्यांचाच होता.

त्या दिवशी नाळेतून काही कोसळलं का, मला माहीत नाही. कुणी बघायला थांबलंच नव्हतं. बर्फ न कोसळल्याने निर्णय चुकीचा ठरतो असं मी मानत नाही, पण ऑफिसात हे पटवणं फार जड जातं.

पुढची रात्र स्वच्छ निघाली. तीनला निघालेली तुकडी ऊन चढायच्या आत पलीकडे उतरली; बुटाला बर्फ दगडासारखा लागत होता म्हणे. पण राखीव दिवस खर्च झाला, चंदीगडहून परतीची गाडी हुकणार हे पक्कं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी तात्काळ तिकिटांना बसले. सगळ्यांची कन्फर्म झाली, फक्त बोरिवलीच्या काकांचंच वेटिंगला अडकलं. त्यांना ते कळवायचं काम मी साहेबांवर ढकललं.