आठ मिनिटं

दिवसा अंबडला कंपनी, संध्याकाळी गंगापूर रोडकडच्या एका शाळेच्या मैदानावर पोरांची प्रॅक्टिस, असं माझं गेली बरीच वर्षं चाललंय. क्लब म्हणायचं इतकंच: चौदा फुटबॉल (तीन कायम हवा सोडणारे), एक सीनियर टीम आणि खाली पोरांची बॅच. सीनियर म्हणजे तिशीचे, काही चाळिशीला टेकलेले. पोटं सुटलीत, पण पाय काही विसरलेले नाहीत.

गेल्या डिसेंबरात दोघे लग्नाला गेले, एकाचा गुडघा सुजला, एक नाइटला. बेंचवर कुणीच नाही म्हणून बॅचमधल्या सगळ्यात चलाख पोराला फोन केला. वय १६. फोनवरही कळत होतं, गडी उड्या मारतोय. आम्ही ०-३ मागे असताना त्याला उतरवलं. म्हटलं, हरतोयच, होऊ दे सवय. पहिला बॉल त्याने छातीवर घेतला, झकास घेतला, आणि वळेपर्यंत त्याच्या दुप्पट आकाराच्या राइट बॅकने त्याला मुरुमात लोळवलं. वर आमचाच एक सीनियर ओरडला, ‘अरे, कुणाला आणलंय!’ मग पोरगं लाइनच्या कडेलाच उभं राहिलं. बॉल मागितलाच नाही. त्यानंतर तीन आठवडे प्रॅक्टिसला गैरहजर. आई फोनवर म्हणाली, ‘क्लास असतो ना, सर.’

चूक माझी होती. माझी गरज होती, त्याची वेळ नव्हती.

मेस्सीचं आपण वय तेवढं लक्षात ठेवतो, १७. पण १६ ऑक्टोबर २००४ ला बार्सिलोनाचा कोच रायकार्डने त्याला लीगमध्ये पहिल्यांदा उतरवलं ते एस्पान्योलविरुद्ध, टीम १-० पुढे असताना, ८२व्या मिनिटाला, डेकोच्या जागी. म्हणजे जेमतेम आठ मिनिटं. पहिला गोल थेट मे २००५ मध्ये, अल्बासेतेविरुद्ध, तोही शेवटच्या मिनिटांत बदली म्हणून येऊन. रोनाल्डिनोच्या पासवर त्याने बॉल किपरच्या डोक्यावरून टाकला तर ऑफसाइड, गोल रद्द. रोनाल्डिनोने थोड्या वेळात तसाच पास पुन्हा दिला, पोराने तसाच फिनिश पुन्हा केला. मला त्या गोलापेक्षा तो दुसरा पास जास्त आवडतो.

आणि त्याच क्लबचा बोयान. २००७ मध्ये १७व्या वर्षी मेस्सीचाच विक्रम मोडून लीगमध्ये गोल केला, सगळे म्हणाले नवा मेस्सी. त्या काळात मनावर किती दडपण यायचं, घुसमट कशी व्हायची, हे पुढे त्याने स्वतःच सांगितलं. अकादमी तीच, ला मासिया.

तर परवाचा रविवार. आम्ही २-० पुढे. आमच्या मॅचेस सत्तर मिनिटांच्या, मी बासष्टाव्या मिनिटाला आमच्या त्याच पोराला हाक मारली. त्याआधी हाफटाइमला त्या ओरडणाऱ्या सीनियरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘पोरगं आलं की पहिला बॉल तू द्यायचा. सोपा. पायात.’ त्याने तोंड वाकडं केलं, पण दिला. पोराने एका टचमध्ये परत त्यालाच दिला.

‘बरोबर,’ तो ओरडला, ‘परत घे!’ आणि परत दिला.

पोरगं मिसळ खायला आलं होतं सगळ्यांबरोबर. पावाची लादी जवळजवळ एकट्याने संपवली.